सुट्टीतली एक दिवसाची सहल : आक्षी, चौल, रेवदंडा आणि कोर्लई

घटक : प्रवासवर्णन व अनुभवलेखन
इयत्ता : सहावी ते आठवी (मराठी, इतिहास, भूगोल एकत्र)
वेळ : एक दिवसाची सहल आणि नंतर तीन तासिका



सुट्टी संपून शाळा सुरू झाली की पहिल्या आठवड्यात फळ्यावर एक विषय हमखास येतो, 'मी केलेली सहल'. वह्या तपासायला घेतल्या की चाळीस वह्यांत एकच सहल सापडते. पहाटे लवकर उठलो, बसमध्ये गाणी म्हटली, समुद्र पाहून डोळ्यांचे पारणे फिटले, खूप मजा आली, जड पावलांनी घरी परतलो. अलिबाग खोडून तिथे गणपतीपुळे लिहिलं तरी एकही वाक्य बदलावं लागत नाही. मुलं खोटं लिहीत नाहीत, मजा खरंच आलेली असते. पण तिथे काय पाहायचं, कुणाला काय विचारायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. मग लिहायला हाताशी काही उरत नाही आणि पाठ केलेली वाक्यं धावून येतात.

हा पाठ त्यासाठी आहे. समुद्रकाठच्या एका जुन्या शहराची सहल कशी करावी, मुलांना काय दाखवावं आणि त्यातून निबंध कसा उभा राहतो ते इथे क्रमाने दिलं आहे. नाताळच्या सुट्टीत आम्ही पाच मित्रमैत्रिणींनी ही सहल केली : इतिहासाच्या बाई, भूगोलाचे सर, गणिताचे सर, डी.एड.ला आमच्याबरोबर असलेला पण पुढे बँकेत गेलेला एक मित्र आणि मराठी शिकवणारी मी. सोबत दोन मुलं होती. बाईंची सहावीतली मुलगी मराठी माध्यमात शिकते, तर बँकवाल्या मित्राचा आठवीतला मुलगा इंग्रजी माध्यमात.

जाण्याआधीची तयारी

पहिली गोष्ट नकाशा. रायगड जिल्ह्याचा नकाशा काढून अलिबागपासून दक्षिणेला बोट फिरवा. आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा ही गावं एका ओळीत येतात. रेवदंड्याला कुंडलिका नदी खाडी होऊन समुद्राला मिळते. खाडीच्या पलीकडे एक डोंगर समुद्रात शिरलेला दिसतो, तो कोर्लईचा. अलिबागहून रेवदंडा सतरा-अठरा किलोमीटर. रेवदंडा-मुरूड रस्त्यावर एस.टी. आणि रिक्षा मिळतात, स्वतःची गाडी लागत नाही.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटी. कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालतो : तिथीला पाऊणने गुणलं की साधारण भरतीची वेळ निघते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, म्हणून तीनच्या सुमाराला भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. आम्ही गेलो त्या दिवशी अष्टमी होती. गणिताच्या सरांनी मुलांनाच हिशेब करायला लावला. आठ पाऊणे सहा. म्हणजे सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला भरती, दुपारी बाराच्या आसपास ओहोटी. समुद्राच्या बाजूने तट बघायचा तर बारालाच पोचायला हवं, असं मुलीने ठरवून टाकलं. दिवसाचं वेळापत्रक मुलांनी आखलं की ती कंटाळत नाहीत, हा आमचा नेहमीचा अनुभव. (हा हिशेब ढोबळ आहे. पाण्यात उतरायचं असेल तर भरतीचं तक्ता-पत्रक पाहावं आणि गावातल्या माणसांना विचारावं.)

तिसरी गोष्ट, प्रत्येक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर तीन प्रश्न :

१. इथे पूर्वी काय होतं?
२. आता काय आहे?
३. जे उरलं आहे, ते का उरलं?

पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं फलक वाचून आणि डोळे उघडे ठेवून मिळतात. तिसऱ्यासाठी माणसांशी बोलावं लागतं. खरी सहल तिथून सुरू होते.

आक्षी : दगडावर लिहिलेली मराठी

पनवेलहून सकाळच्या एस.टी.ने निघालो. पेणला चहा झाला, वडखळ नाक्याला नेहमीप्रमाणे गाडी रांगेत अडकली. बाई मुलांना चौलबद्दल सांगत होत्या. "अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी साधारण चौदाशे एकोणसत्तर साली इथे उतरला." आठवीतल्या मुलाने हळूच विचारलं, "एकोणसत्तर म्हणजे किती?" त्याच्या बाबाने इंग्रजीत सांगितलं, तेव्हा त्याला समजलं. कुणी हसलं नाही. आपल्यातल्या बहुतेकांच्या घरी हा प्रश्न रोज येतो.

अलिबाग सोडल्यावर दहा-पंधरा मिनिटांत आक्षी येतं. इथला शिलालेख पाहण्यासाठी मुद्दाम थांबा. उभा दगड, वर सूर्य-चंद्र कोरलेले आणि खाली झिजलेली अक्षरं. काही अभ्यासकांनी त्यावरचा काळ शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ असा वाचला आहे. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या शिलालेखांत त्याची गणना होते. उत्तर कोकणात तेव्हा शिलाहार राजे होते.

मुलांना अक्षरं वाचता येत नाहीत, आपल्यालाही येत नाहीत. तरी पाच मिनिटं बघू द्यावीत. मुलीने एक अक्षर ओळखल्याचा दावा केला. मुलाने विचारलं, "हजार वर्षांपूर्वी लोक मराठी बोलायचे?" बोलायचे म्हणून तर दगडावर कोरली. वाचणाऱ्याला समजेल अशाच भाषेत राजा आपली आज्ञा कोरवून घेणार.

चौल : बंदर कुठे गेलं?

चौलला उतरलं की समोर नारळी-सुपारीच्या वाड्या, मधून जाणारे अरुंद रस्ते आणि उतरत्या छपरांची घरं दिसतात. "बंदर कुठंय?" मुलांचा पहिला प्रश्न. तोच हवा होता.

हे बंदर फार जुनं. पहिल्या शतकात एका ग्रीक भाषेतल्या सागरी मार्गदर्शिकेत पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांची नावं आली आहेत, त्यांत 'सेमुल्ला' आहे. कान्हेरीच्या लेण्यांत दान देणाऱ्यांची नावं कोरलेली आहेत, त्यांत 'चेमुल' गावची माणसं आहेत. दहाव्या शतकात अल्-मसुदी हा अरब प्रवासी इथे येऊन गेला, त्याने गावाचं नाव 'सैमूर' असं लिहिलं. सेमुल्ला, चेमुल, सैमूर, चौल. ही नावं फळ्यावर एकाखाली एक लिहा आणि मुलांना मोठ्याने म्हणायला सांगा. परक्याच्या तोंडी नाव कसं बदलतं आणि तरी ओळखीचं कसं राहतं, हे त्यांना ऐकूनच कळेल.

इथून कापड जायचं, रेशीम जायचं. इराणच्या आखातातल्या होर्मुझ बंदरातून घोडे यायचे, कारण दख्खनच्या सुलतानांना लढाईसाठी घोडे लागत. निकितिन आला तोही एक घोडा विकायला घेऊन. तो रशियातल्या त्वेर शहराचा. वास्को द गामा कालिकतला पोचला १४९८ मध्ये, निकितिन त्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी. राजाने पाठवलेला नाही, सैन्य नाही, तोफा नाहीत, एक घोडा आणि विकून चार पैसे मिळतील ही आशा. जुन्नरच्या खानाने तो घोडाही काढून घेतला, मग मोठ्या खटपटीने परत मिळाला. या माणसाने जाता जाता आपल्या मुलखाबद्दल लिहून ठेवलं आणि घरी पोचण्याआधी वाटेतच त्याचा मृत्यू झाला. मुलांना निकितिन लगेच आवडतो. रेवदंड्यात एका शाळेच्या आवारात त्याचा स्मृतिस्तंभ आहे. शाळेच्या मैदानात, मुलं खेळतात तिथेच. आम्ही परवानगी घेऊन पाहिला. सुट्टी असली तरी तीन-चार मुलं क्रिकेट खेळत होती. त्यांनीच आमच्या मुलांना निकितिन कोण ते सांगितलं, घोड्यासकट.

मग बंदर गेलं कुठे? भूगोलाच्या सरांनी उत्तर लगेच दिलं नाही, खाडीकडे बोट दाखवलं. नदी वरून गाळ आणते, खाडी उथळ होते. मोठ्या जहाजांना खोल पाणी लागतं. तिकडे उत्तरेला मुंबईचं बंदर नैसर्गिकरीत्या खोल आणि सुरक्षित. १६६८ मध्ये मुंबई ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आली आणि व्यापार तिकडे वळू लागला. चौलचे विणकरही मुंबईत जाऊन स्थायिक झाले. कामगार गेले, मग व्यापारी गेले, आणि मागे राहिल्या त्या वाड्या, तळी आणि देवळं. चौलमध्ये ३६० देवळं आणि ३६० तळी होती असं गावात सांगतात. आकडा मोजायच्या भानगडीत पडू नका, पण रामेश्वराचं देऊळ आणि समोरची पोखरण पाहाच. पोखरणीच्या पायऱ्यांवर बसून डबे उघडायला यासारखी जागा नाही. डबा खाऊन झाल्यावर कागद पिशवीत, हे आधीच बजावून ठेवा.

रेवदंडा : रस्ता तटातून जातो

जुन्या चौलचे दोन भाग होते. वरचं चौल अहमदनगरच्या निजामशाहीकडे, आणि खाडीच्या तोंडाशी असलेलं खालचं चौल पोर्तुगीजांकडे. हे खालचं चौल म्हणजे आजचा रेवदंडा.

इथे समुद्रावर मोठी लढाई झाली होती. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुक सुलतानाचं आरमार आणि दीवचा मलिक अयाज यांनी मिळून पोर्तुगीजांचा पराभव केला. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेडा त्या लढाईत मारला गेला. पुढे १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी किल्ला बांधायला घेतला. त्यानंतर जवळजवळ सव्वादोनशे वर्षं हे त्यांचं शहर होतं : तटाच्या आत चर्चं, मठ, वखारी, घरं.

आज अलिबाग-मुरूड रस्ता त्या तटातूनच जातो. एस.टी.च्या खिडकीतून किल्ल्याची भिंत हाताला लागेल इतकी जवळ येते. तटाच्या आत लोकांची घरं आहेत, वाड्या आहेत, विहिरीवर पंप चालू आहे, अंगणात सुपारी वाळत घातलेली आहे. आणि त्या सगळ्याच्या मधे नारळाच्या झावळ्यांवरून डोकावणारा सातखणी मनोरा. फ्रान्सिस्कन पंथाच्या चर्च आणि मठाचा हा भाग. सातही खण आता उरलेले नाहीत. दगडांच्या फटींतून मुळं शिरलेली आहेत. त्यावर चढू नका, मुलांना तर मुळीच चढू देऊ नका.

बाराच्या ओहोटीला आम्ही समुद्राच्या बाजूने तटाला लागून चाललो. अष्टमीला भांग असतो, म्हणजे पाणी उधाणासारखं खूप आत ओसरत नाही. तरी चालण्याइतकी ओली वाळू मोकळी होती. दरवाज्यावर कोरलेली राजचिन्हं मुलीने वहीत काढून घेतली. भिंतीवर कोळशाने, खिळ्याने लिहिलेली नावंही होती, बदामासकट. बाई वैतागून म्हणाल्या, "लोकांना कळत कसं नाही!" तर मुलगा म्हणाला, "मावशी, पण आक्षीलापण दगडावरच लिहिलेलं ना? ते आपण बघायला गेलो."

प्रश्न चांगला होता आणि उत्तर लगेच सुचलं नाही. गणिताच्या सरांनी त्यालाच विचारलं, "तू सांग. फरक काय?" तो बराच वेळ चालत राहिला. मग म्हणाला, "आक्षीचं सगळ्यांसाठी लिहिलं होतं. हे फक्त स्वतःसाठी." याहून चांगली चर्चा वर्गात ठरवूनही होत नाही. तासिकेत हाच प्रश्न जरूर घ्या.

तट पाहून झाल्यावर गावात एक फेरी मारा. रेवदंड्यात बेने इस्राएल समाजाचं सिनेगॉग आहे. हा समाज अलिबागच्या परिसरात शतकानुशतकं राहिला, तेलाच्या घाण्याचं काम करायचा आणि शनिवारी सुट्टी पाळायचा, म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणत. त्यांची आडनावं किहीमकर, नवगावकर अशी गावावरून पडलेली, आणि घरातली भाषा मराठी. बहुतेक कुटुंबं आता इस्राएलला गेली. म्हणजे एका छोट्या गावात देऊळ, मशीद, सिनेगॉग आणि चर्चचे अवशेष सगळं चालत पाहता येतं. बंदर असलं की जगभरची माणसं येतात, हे वाक्य मग वेगळं शिकवावं लागत नाही.

जेवायला एका घरगुती खानावळीत तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं आणि तळलेली मांदेली मिळाली. गणिताचे सर शाकाहारी, त्यांनी दोन वाट्या बिरडं जास्त घेतलं.

कोर्लई : कुठेच न लिहिलेली भाषा

खाडीवरचा पूल ओलांडून पलीकडे साळावला गेलं की कोर्लईचा रस्ता लागतो. डोंगराच्या कण्यावर लांबच लांब किल्ला, पायथ्याशी दीपगृह आणि वाळत घातलेल्या मासळीचा वास. १५९४ मध्ये निजामशाही सैन्याने या डोंगरावर किल्ला बांधला होता, त्याच वर्षी पोर्तुगीजांनी तो हल्ला करून घेतला. दीपगृहाकडून वर चढायला फार वेळ लागत नाही. वरून एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, समोर रेवदंड्याचा तट. सकाळपासून जे तुकड्या-तुकड्यांनी पाहिलं ते इथून एका नजरेत दिसतं. नकाशा वहीत काढायची जागा हीच. आमच्या मुलांनी इथे वीस मिनिटं बसून नकाशा काढला.

पण कोर्लईला जायचं ते किल्ल्यापेक्षा गावासाठी.

१७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. पुढच्याच वर्षी, १७४० मध्ये, तहाने चौल आणि रेवदंडा मराठ्यांकडे आले. पोर्तुगीज अधिकारी, सैनिक, व्यापारी निघून गेले. इथली ख्रिस्ती कष्टकरी माणसं मात्र कोर्लईत राहिली, आणि त्यांच्याबरोबर त्यांची बोलीही राहिली. ती आजही बोलली जाते. भाषेचे अभ्यासक तिला कोर्लईची पोर्तुगीज क्रिओल म्हणतात. गावातली माणसं म्हणतात 'नोलिंग', म्हणजे आपली भाषा.

नाताळ नुकताच होऊन गेला होता. घराघरांवर कागदी चांदण्या लटकत होत्या, एका अंगणात गवताचा गोठा अजून तसाच होता. ओट्यावर एक आजी कोलीम निवडत बसल्या होत्या. आम्ही पाणी मागितलं, त्यांनी बसायला चटई टाकली. मुलीने वही उघडली आणि सरळ विचारलं, "आजी, तुम्ही नोलिंग बोलता?"

"घरात तीच बोलतो गो," आजी म्हणाल्या. "चर्चमधली प्रार्थना मराठीत, शाळा मराठीत, बाजार मराठीत. घरात आमची."

"त्याचं पुस्तक मिळेल का?"

"पुस्तक कशाला? मी हाय ना."

त्यांनी नातवाला हाक मारून काहीतरी सांगितलं. आम्हाला एक शब्द कळला नाही, पण बोलण्याचा सूर मात्र अगदी आपल्याकडचा वाटला. त्याचं कारण अभ्यासकांनी दाखवलं आहे. या बोलीतले शब्द बहुतांशी पोर्तुगीज, पण वाक्याची मांडणी मराठीसारखी झाली आहे. पोर्तुगीजमध्ये क्रियापद कर्माच्या आधी येतं, कोर्लईच्या बोलीत ते मराठीसारखं वाक्याच्या शेवटी गेलं. पावणेतीनशेहून जास्त वर्षं शेजारी मराठी ऐकत राहिल्यावर बोलीने तिची चाल उचलली. व्याकरण शिकवताना 'कर्ता, कर्म, क्रियापद' हा क्रम सांगतो, तेव्हा हे उदाहरण जरूर द्या.

पोर्तुगीज शब्द आपल्या मराठीतही भरपूर आले. बटाटा, पाव, चावी, बादली, पगार, लिलाव, घमेलं, फीत, काजू, अननस. हापूस हे नावसुद्धा अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आलं. मुलं एकेक शब्द ऐकून "हापण?" करत होती. किल्ला पडला आणि चावी उरली, अशी कोटी भूगोलाच्या सरांनी केलीच.

परत निघताना बँकवाला मित्र बराच वेळ गप्प होता. पुलावर रिक्षात तो म्हणाला, "यांना ना सरकारी शाळा, ना पुस्तक, ना लिपी. तरी भाषा टिकली. आमच्याकडे हजार वर्षांचा शिलालेख आहे, आणि माझ्या पोराला एकोणसत्तर समजत नाही." मुलगा शेजारीच होता. तो म्हणाला, "मग तुम्ही घरी मराठीत का नाही मोजत?"

वहीतल्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. चौलचं बंदर वापरात राहिलं नाही, ते गाळाने भरलं. चर्चमधली प्रार्थना थांबली, मनोऱ्यात मुळं शिरली. वाड्यांना रोज पाणी घातलं जातं, त्या हिरव्या आहेत. कोर्लईची बोली ओट्यावर रोज बोलली जाते, ती जिवंत आहे. आक्षीचा दगड मराठी किती जुनी आहे ते सांगतो. ती पुढे किती वर्षं राहणार हे मात्र दगड ठरवत नाही, ते आपल्या स्वयंपाकघरात ठरतं. कोर्लईतली मुलं शाळेत मराठी शिकतात आणि घरी आपली बोली बोलतात. दोन्हींत कुठे अडत नाही. इंग्रजी माध्यमातल्या मुलाच्या घरी मराठी बोलली तर इंग्रजी कच्चं राहील, ही भीती पालकसभेत नेहमी ऐकू येते. तेव्हा कोर्लईचं उदाहरण द्यावं. ही बोलीही आता थोडक्याच लोकांत उरली आहे, आणि तिचं पुढे काय होणार हेही ओट्यावरच ठरेल.

शब्दार्थ

तट : किल्ल्याची बाहेरची भिंत
खण : मजला
वाडी : नारळ-सुपारीची बाग
वखार : व्यापारी माल साठवण्याची जागा
पोखरण : देवळासमोरचं बांधीव तळं
उधाण : अमावस्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती
भांग : अष्टमीच्या सुमाराची लहान भरती-ओहोटी
कोलीम : बारीक सुकटीसारखी मासळी

चर्चेसाठी प्रश्न

१. चौलचं बंदर मागे पडण्याची दोन कारणं सांगा. त्यातलं कोणतं निसर्गामुळे, कोणतं माणसांमुळे?
२. आक्षीचा शिलालेख आणि तटावर खरडलेली नावं यांत फरक काय? तुमचं मत कारणासह लिहा.
३. पोर्तुगीज गेल्यावरही कोर्लईची बोली का टिकली असेल?
४. आज एकादशी असेल तर भरती साधारण किती वाजता येईल?

उपक्रम

घरातले पोर्तुगीज पाहुणे : घरातल्या वस्तूंची नावं लिहून त्यांतले कोणते शब्द पोर्तुगीजमधून आले ते शिक्षकांच्या मदतीने शोधा.

आजीचे दहा शब्द : आजी-आजोबा वापरतात पण आपण वापरत नाही असे दहा शब्द गोळा करा. प्रत्येकाचा अर्थ आणि एक वाक्य लिहा. आजी मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, आगरी असं काहीही बोलत असेल तर ते तसंच लिहा, 'शुद्ध' करू नका.

मराठीतून मोजणी : आठवडाभर घरातले सगळे आकडे मराठीत. दुधाचा हिशेब, बसचा नंबर, क्रिकेटचा स्कोअर, सगळं. हा उपक्रम पालकांनीही करायचा आहे.

निबंध लिहिताना

मुलांना सांगा, संपूर्ण दिवस लिहू नका. दिवसातली एक जागा, एक माणूस आणि स्वतःला पडलेला एक प्रश्न एवढंच निवडा. 'किल्ला खूप भव्य होता' असं लिहिण्याऐवजी 'किल्ल्याच्या तटातून एस.टी. जाते' असं लिहिलं की वाचणाऱ्याला किल्ला दिसतो. 'तिथले लोक प्रेमळ होते' यापेक्षा 'आजींनी बसायला चटई टाकली' हे बरं. माणसाने उच्चारलेलं एखादं वाक्य त्याच्याच बोलीत लिहू द्या.

तपासताना 'डोळ्यांचे पारणे फिटले' यावर लाल रेघ मारू नका. शेजारी पेन्सिलीने एवढंच विचारा : 'नेमकं काय दिसलं?' मूल पुढच्या वेळी ते लिहून आणतं.

पालकांसाठी थोडक्यात

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. टोपी, पाणी, पायात बूट हवेत. अवशेषांत साप-विंचू असू शकतात, म्हणून गवतात आणि अंधाऱ्या भुयारांत शिरू नये. रेवदंड्याच्या खाडीच्या तोंडाशी प्रवाह जोरात असतो, पोहायला उतरू नये. कुणाच्या वाडीत शिरण्याआधी विचारावं, घराचे आणि माणसांचे फोटो काढण्याआधीही विचारावं.

रेवदंड्यालाच जायला हवं असं काही नाही. वसई, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले, जे जवळ असेल ते घ्या. वही आणि तीन प्रश्न मात्र सोबत असू द्या, आणि ओट्यावर बसलेलं कुणी दिसलं तर पाणी मागायला लाजू नका.